आम्ही अन्यत्र होतों

परवां आमच्या नातवानें अभ्यास कां झाला नाहीं याचें कारण ‘लाईट गेली होती’ असें दिलें, तेव्हां सूनबाई हंसून म्हणाल्या, “याच्याजवळ अ‍ॅलिबाय नेहमीं तयार!” आम्हीं उभा जन्म वकिलींत घालविलेला, शब्द असा वांकडा पडला कीं राहवत नाहीं. वीज गेली ही सबब झाली. अ‍ॅलिबाय म्हणजे सबब नव्हे.

मूळ शब्द लॅटिन. अर्थ एवढाच, ‘अन्यत्र’. सबब सांगणारा झालें तें कबूल करून कारण पुढें करितो. अ‍ॅलिबाय सांगणारा म्हणतो, गुन्हा घडला तेव्हां मी तेथें नव्हतोंच, आणि एक देह एका वेळीं दोन ठिकाणीं असत नाहीं. आचार्य अत्र्यांच्या १९६२ सालच्या नाटकांतला लखोबा ‘तो मी नव्हेच’ म्हणतो, तोहि प्रकार निराळा. तो जागा नाकारीत नाहीं, स्वतःलाच नाकारितो. सबबीचा अर्थ या शब्दास चिकटला तो अमेरिकेंत. तेथील रिंग लार्डनर यांच्या १९१५ सालच्या एका गोष्टींतला बेसबॉलपटू ऊठसूट सबबी सांगतो आणि ‘अ‍ॅलिबाय आइक’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे सूनबाईंचा अपराध शंभर वर्षांचा जुना आहे!

आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत अकराव्या कलमाखालीं उदाहरण होतें: ‘अ’नें कलकत्त्यास गुन्हा केला काय, हा प्रश्न असतां, त्या दिवशीं तो लाहोरास होता ही गोष्ट विचारांत घेण्याजोगी होय. फाळणी झाली, तरी हा ‘अ’ पुढें पाऊणशें वर्षें बिनदिक्कत लाहोरास जात होता. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा अंमलांत आला, आणि आतां गुन्हा चेन्नईस होतो व ‘अ’ लडाखांत असतो. अंतर मात्र लांबच ठेविलें आहे, आणि तें योग्यच. सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें सांगितलें कीं, आरोपी इतका दूर असला पाहिजे कीं घटनास्थळीं त्याचें असणें शक्यच नव्हतें. शाबितीचा भार त्याच्याच शिरावर. मात्र तो भार पेलला नाहीं म्हणून गुन्हा शाबीत होतो असें नाहीं. तो फिर्यादी पक्षासच शाबीत करावा लागतो. बचावाच्या साक्षीदारांस फिर्यादीच्या साक्षीदारांइतकाच मान द्यावा, असेंहि त्याच निकालांत आहे, आणि तें वाचतांना आम्हांस नेहमीं आमच्या थोरल्या काकू आठवतात.

आई लहानपणींच गेल्यामुळें आम्ही त्यांच्याच हाताखालीं वाढलों. नऊ वर्षांचे असतां वाईच्या वाड्यांत आमच्या विटीच्या टोल्यानें ओटीवरील घड्याळाची कांच फुटली. अण्णा, म्हणजे आमचे थोरले काका, छडी घेऊन माजघराच्या दारांत आले. काकू वर न पाहतां म्हणाल्या, “अहो, तो जेवणें झाल्यापासून माझ्यापाशीं वाल सोलीत बसला आहे.” आमचे हात मातीनें माखलेले, वालाचें साल बोटाला औषधालाहि नव्हतें. अण्णांनीं आमच्या हातांकडे पाहिलें, काकूंकडे पाहिलें, आणि ते परत गेले. उलटतपासणी झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र काकूंनीं आम्हांस खरोखरीच वाल सोलावयास बसविलें. साक्ष अगदींच खोटी राहूं नये म्हणून असेल.

१९९४ च्या पावसाळ्यांत त्या अंथरुणास खिळल्या. चुलतबंधूंचा फोन आला, “आई तुझी आठवण काढते, येऊन जा.” आमच्या खटल्याची सुनावणी पुण्यास तीन दिवस चालावयाची होती. ती आटोपून निघूं, असें आम्हीं ठरविलें. पुणें ते वाई एस.टी.नें तीन तासांची वाट; एखाद्या रात्रीं जाऊन सकाळीं परततां आलें असतें, हें आम्हांस तेव्हांहि ठाऊक होतें. चवथ्या दिवशीं पोंचलों तों सर्व आटोपलें होतें.

“कोठें होतास?” बंधूंनीं विचारलें.

“कोर्टांत.”

रोजनाम्यांत आमची हजेरी, साक्षीस पक्षकार, आणि वर खुद्द न्यायाधीश! इतका बिनतोड अ‍ॅलिबाय आम्हीं कोणत्याहि अशिलाचा मांडला नव्हता. अडचण एवढीच कीं, आमच्यावर आरोप होता तो अन्यत्र असल्याचाच. बंधू पुढें कांहीं बोलले नाहींत. आम्हींहि अंतराचा विषय काढला नाहीं.

रात्रीं पान वाढतांना वहिनींनीं सांगितलें कीं, अखेरच्या दोन दिवसांत समाचारास येणारें कोणी आमच्याविषयीं विचारूं लागलें कीं काकू डोळे न उघडतां म्हणत, “आहे ना. माजघरांत वाल सोलतो आहे.”