ला पाल्माहून आबांना

लॉस यानोस, 27 सप्टेंबर 2021



मी सुखरूप आहे. राखेमुळे विमानांचा भरवसा नव्हता, म्हणून शेजारच्या तेनेरीफेहून बोटीनं ला पाल्मा या स्पॅनिश बेटावर आले. इथला कुंब्रे विएखाचा ज्वालामुखी डोंगर 19 तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला फुटला. आधीचा आठवडाभर जमीन हजारो वेळा हादरली होती, त्यामुळे लोक सावध होते. खिडक्यांची तावदानं अजून रात्रंदिवस थरथरतात.

लाव्हा धावत येत नाही, आबा. घराहून उंच, काळ्या दगडांचा ढीग हळूहळू पुढे सरकतो. वरचा दगड गडगडला की आतला लाल निखारा क्षणभर दिसतो. तोदोके गावच्या लोकांना घरातलं हाताला लागेल ते गाडीत भरण्याइतका वेळ मिळाला, तो या मंदपणामुळेच. काल तिथलं चर्च कोसळलं.

तासाकोर्ते, 29 सप्टेंबर

काल रात्री अकराच्या सुमाराला लाव्हा सुमारे शंभर मीटरच्या कड्यावरून समुद्रात उतरला. खाऱ्या पाण्याला तो भिडला की वाफेबरोबर आम्ल उठतं, म्हणून जवळच्या वस्त्यांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगितलंय.

तुम्ही केळीबद्दल विचारलंत. इथल्या पश्चिम उतारावर केळी खूप आहे. राख म्हणजे बारीक, धारदार दगडाची पूड. वाऱ्यानं ती घडावर घासली की सालीवर ओरखडे उठतात आणि काळे पडतात. आतला गर उत्तम असला तरी बाजारात तो माल मागे पडतो.

लॉस यानोस, 24 ऑक्टोबर

लाव्हानं किनाऱ्याकडच्या बागांची पाइपलाइन तोडली. म्हणून समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं जहाजानं आणली आहेत. बंदी असलेल्या भागातल्या बागायतदारांना परवानगी मिळेल तेव्हाच आत सोडतात. तेवढ्यात राख झटकायची, पाणी द्यायचं, घड कापायचे आणि वाऱ्याची दिशा बदलली की निघायचं.

लॉस यानोस, 26 डिसेंबर

लाव्हा 13 तारखेला थांबला. पुढचे दहा दिवस काहीच हललं नाही, तेव्हा काल उद्रेक संपल्याचं जाहीर झालं. बाराशेहून अधिक हेक्टर जमीन लाव्हाखाली गेली आणि जवळपास 3,000 बांधकामं पडली. शेती सुमारे 370 हेक्टर गेली, त्यात निम्म्याहून जास्त केळी. काही ठिकाणी दगडाचा थर पन्नास मीटरहून जाड आहे. बांध, विहिरी, वाटा सगळं त्याखाली.

आपलं काळं रान अशाच दगडाचं झालंय, पण त्याला लाखो वर्षं लागली. इथल्या लोकांनी एवढी वाट पाहिली नव्हती. 1949 च्या उद्रेकात समुद्रात पसरलेल्या लाव्हावर त्यांनी बाहेरून माती आणून टाकली, आणि आज तिथं केळीच्या बागा आहेत.

या वेळी प्रश्न मातीचा कमी, मालकीचा जास्त आहे. समुद्रात तयार झालेली नवी जमीन कायद्यानं सरकारची. उरलेल्या दगडावर कुणाची हद्द कुठून कुठपर्यंत, हे कोण ठरवणार? हे शेतकरी इथं राहतील का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: जुन्या सातबाऱ्याला मान मिळाला तर ते हलणार नाहीत. तो नाकारला तर मात्र ज्वालामुखीनं राहू दिलेलं गावही रिकामं होईल.