वॉन्स्टेडची पागा

शासकीय सेवेत एखादी इमारत 'कंडेम' करणे हे फार सोपे काम आहे. अभियंत्याचा अहवाल, लेखा शाखेने काढलेले नाममात्र पुस्तकी मूल्य, मलब्याची अपेक्षित किंमत आणि खाली एक सही. अशी एक सही मी पंचवीस वर्षांपूर्वी पूर्व भारतातील एका कार्यालयात केली. आवारातील मूळ बंगला केव्हाच नाहीसा झाला होता. उरली होती ती त्याची पागा. तिच्या दोन खणांत आमच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची मुले संध्याकाळी अभ्यासाला बसत. टिपणीत त्याचा उल्लेख नव्हता, आणि ठाऊक असूनही मी तो केला नाही.

पुढे प्रशिक्षणासाठी लंडनला गेलो असता एक रविवार मोकळा मिळाला. सहकारी राजवाडे पाहायला गेले; मी सेंट्रल लाइनने वॉन्स्टेडला गेलो. कारण जोसाया चाइल्ड. व्याजदर कायद्याने 4 टक्क्यांवर आणावा म्हणजे देशाची भरभराट होईल, असे मांडणारा हा सतराव्या शतकातील व्यापारी एम.ए.च्या अभ्यासात भेटला होता. तो ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नरही होता. त्याच्याच धोरणामुळे कंपनीने 1686 मध्ये मोगलांशी युद्ध ओढवून घेतले. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत मुंबईत उतरला, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले आणि अखेर औरंगजेबाला दीड लाख रुपये दंड भरून सुटले.

वॉन्स्टेडची जहागीर चाइल्डने 1673 मध्ये विकत घेतली होती. तेथे 1715 च्या सुमारास त्याचा मुलगा रिचर्ड याने कोलन कॅम्बेल या वास्तुशिल्पीकडून महाल बांधवून घ्यायला सुरुवात केली. दर्शनी बाजू 260 फुटांची. मधोमध सहा स्तंभांचा, देवळाला शोभावा असा मुखमंडप. पुढे ही संपत्ती कॅथरीन नावाच्या वारसकन्येकडे आली. 1812 मध्ये तिने ज्याच्याशी लग्न केले, तो 1803 च्या असईच्या लढाईत मराठ्यांचा पराभव करणाऱ्या वेलस्लीचा पुतण्या. त्याने दहा वर्षांत सारे उधळले. 1822 मध्ये आतील चीजवस्तूंचा लिलाव 32 दिवस चालला. त्यानंतर महालच मलब्याच्या भावाने, 10,000 पौंडांना, विकला गेला. आज त्या जागी गोल्फच्या मैदानात एक खळगा आहे.

पागा मात्र उभी आहे! विटांची, अंगावर फारसा दागिना नसलेली. 1893 मध्ये स्थापन झालेल्या गोल्फ क्लबाचे ते क्लबघर आहे. मी बाहेरूनच पाहिली. सभासद नसलेल्या माणसाने किती वेळ रेंगाळावे याला मर्यादा असते.

पागेचे बांधकाम समजून घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही. बग्गी आत यावी म्हणून दरवाजे रुंद, घोड्यांच्या लाथा सोसाव्यात म्हणून भिंती जाड, वर वैरणीचा माळा, पुढे मोकळे अंगण. घोड्यांचे खण बहुधा लाकडी आडोशांचेच. ते काढले की सलग दालन मिळते. महालाचे तसे नसते. त्याच्या दिवाणखान्यांना शंभर नोकर आणि एक उमराव लागतो. उमराव बुडाला की दगडाला किंमत उरते, दालनाला नाही. (आपल्याकडे 'पागा' म्हणजे घोडदळाची तुकडीसुद्धा. इंग्रजांच्या पागेला तो मान नाही.)

परत आल्यावर त्या जुन्या कार्यालयातील एका निवृत्त शिपायाला फोन केला. पागेच्या जागी नवी इमारत यायची होती, ती आली नाही. गाड्या लावतात, असे तो म्हणाला. मुले मग कुठे बसू लागली, हे त्या वेळी न विचारलेले आता विचारले.

"जिन्याखाली, साहेब. थोडे दिवस."