तो असा नव्हता

२०१६च्या मे महिन्यात 'स्टीव्ह रॉजर्स : कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंक आला. मी तो पुण्याहून मुंबईला जाताना गाडीत, फोनवर वाचला. शेवटी कॅप्टन आपल्याच एका साथीदाराला विमानातून खाली फेकतो आणि हायड्राचा जयघोष करतो. ज्या संघटनेशी तो जन्मभर लढला, तिचाच! नेमका खंडाळ्याचा बोगदा आला, नेटवर्क गेलं. मला वाटलं, पुढचं पान यायचं राहिलंय. बोगदा संपला, पण पान तेच.

मग जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेखक निक स्पेन्सरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण रागाला जागा होती. कॅप्टनला जन्म देणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू. मार्च १९४१ अशी तारीख छापलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. त्या ठोशाला कुणी हात लावला की लोक चिडणारच.

पुढच्याच अंकात खुलासा आला. लहान मुलीचं रूप घेतलेल्या एका कॉस्मिक क्यूबला हाताशी धरून रेड स्कलने कॅप्टनचा भूतकाळच बदलला होता. म्हणजे तो असा नव्हता, त्याला तसं केलं गेलं. मी 'हुश्श' केलं, आणि लगेच मला आईचा आवाज ऐकू आला.

"तो असा नव्हता रे."

हे वाक्य आमच्या घरात थोरल्या मामाबद्दल बोललं जातं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला त्यानेच मला शिकवलं. घाबरलो की काठावरून ओरडायचा, "मी आहे ना!" पुढे त्याच मामाने आजीचा अंगठा घेऊन तिच्या नावावरची जमीन विकली. आजी म्हणायची, कुणीतरी करणी केली. मावशी म्हणायची, संगत वाईट. आईचं म्हणणं, मामीने कान भरले. मामाने केलं, असं कुणीच म्हणालं नाही.

यावरून मला हॅल जॉर्डन आठवतो. १९९४ साली 'ग्रीन लँटर्न'च्या तीन अंकांत त्याचा खलनायक झाला. त्याचं कोस्ट सिटी बेचिराख झालेलं. तो अंगठीच्या बळावर ते शहर, मेलेली माणसं, सगळं पुन्हा उभं करू पाहतो. गार्डियन्स त्याला अडवतात. मग तो सोबत्यांच्या अंगठ्या हिसकावत, किलोवॉगला मारत त्यांच्यापर्यंत पोचतो. वाचकांनी संघटना काढली, जुना हॅल परत द्या म्हणून मोहीम चालवली. दहा वर्षांनी जेफ जॉन्सने तो परत दिला. पॅरॅलॅक्स नावाचा भीतीचा जीव त्याच्यात शिरला होता म्हणे. कानशिलावरचे पांढरे केससुद्धा त्याच्यामुळेच! वाचक खूश. मीही ती मालिका दोनदा वाचली, खोटं कशाला बोलू. पण तीन अंकांत सगळं उरकलं असलं तरी १९९४चा हॅल मला कळला होता. शहर गेलं म्हणून माणूस फिरू शकतो. पॅरॅलॅक्स आला आणि ते दुःखच हिशेबातून गेलं. मामाच्या डोक्यावर तेव्हा किती कर्ज होतं, हे आमच्याकडे आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

आजीच्या दहाव्याला मामा आला होता. घाटाच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी उभा राहिला.

"काय रे, पोहतोस का अजून?"

"हो," म्हटलं. कॉलेजनंतर मी पाण्यात उतरलेलो नाही.

नंतर घरी आईने त्याला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं. मामी बाहेर गाडीतच बसून होती. तिच्यासाठी कुणी चहा पाठवला नाही. मी दारातच उभा होतो, मीही नेला नाही.