मंडईचे नाव आणि आईची भिशी

'आपल्या व्यवसायाविषयी लिहावे' असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही दोघे भाऊ काही काळ निरुत्तर झालो. वसतिगृहातील आमचे सोबती शिक्षक झाले, कुणी बँकेत गेले, कुणी परदेशी स्थिरावले. आम्ही चित्रपट व दूरदर्शन कार्यक्रमांचे स्वतंत्र निर्माते आहोत. शब्द मोठा आहे. पण आईला विचारले तर ती आजही 'पोरं शूटिंगचं काम करतात' एवढेच सांगते, आणि तेच अधिक खरे आहे.

आई पुण्याच्या मंडईबाहेर पाटी लावून भाजी विकत असे. सुट्टीत विद्यालयातून घरी आलो की आम्ही तिच्यामागे पोत्यावर बसत असू. समोर मंडईची दगडी इमारत आणि तिचा अष्टकोनी मनोरा. जवळच, जेथे आज वाहने उभी असतात, तेथे १९१५ साली सुरू झालेले 'आर्यन' हे पुण्यातील पहिले चित्रपटगृह होते. चित्रपटगृह गेले, नाव मात्र वाहनतळाला चिकटून राहिले. चित्रपटाचे वेड आम्हांला त्या नाहीशा झालेल्या पडद्यानेच लावले असावे.

मंडईच्या नावाची कथा आम्हांला आपल्या विद्यालयातील इतिहासाच्या गुरुजींनी प्रथम सांगितली. १८८६ साली ही इमारत उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. जोतीरावांना हे आवडले असते की नाही, यावर वसतिगृहात दिवे मालवल्यानंतरही आमचे वाद चालत.

अत्रे हेही मूळचे शिक्षक, पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक. नाटककार आणि संपादक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. आम्हांला त्यांच्यातील निर्माता अधिक जवळचा वाटतो. १९५३ सालच्या त्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. अशा यशानंतर एखाद्याने हमखास चालणारा विषय घेतला असता. अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. चित्रपटाच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, आणि पुढे त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. इमारतीला नाव देण्यास ठराव पुरतो. चित्रपटाला कच्ची फिल्म लागते, स्टुडिओचे भाडे लागते, आणि दर शनिवारी मजुरी मागणारी माणसे दारात उभी असतात. निर्माता म्हणजे त्या दारात उभा राहणारा माणूस, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आमचा पहिला माहितीपट मंडईत पहाटे येणाऱ्या भाजीवाल्या बायांवर होता. एका वाहिनीने तो मागितला, पहिला हप्ता दिला आणि करारपत्र पुढे केले. आम्ही सही केली. पाने बरीच होती आणि आम्ही आनंदात होतो. चित्रीकरणाला पैसा कमी पडला तेव्हा आईने भिशी उचलली. ती भिशी तिने धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी लावलेली होती, हे तिने तेव्हा सांगितले नाही.

माहितीपट पूर्ण करून दिला आणि तेथील अधिकारी बदलले. नवीन अधिकाऱ्यांना विषय 'फार संथ' वाटला. प्रसारणाची वेळ रद्द झाली. उरलेले हप्ते प्रसारणानंतर मिळावयाचे होते. प्रसारण नाही, म्हणून हप्तेही नाहीत. मग आम्ही ते करारपत्र प्रथमच शेवटपर्यंत वाचले. सर्व हक्क कायमचे वाहिनीकडे गेले होते. आमचाच माहितीपट चारचौघांत दाखवण्याची आम्हांला मुभा नव्हती.

भिशी फेडण्यास तीन वर्षे लागली. इतरांच्या लग्नसमारंभांची चित्रफीत काढून ती फेडली. बहिणीचे लग्नही त्यात लांबले. आईने पैशाचा विषय कधी काढला नाही. तिने एकदाच विचारले, "त्या बायांना दाखवलं का रे?" करारातील कलम तिला कसे समजावून सांगावे, हे आम्हांला कळेना. बायांनी पहाटे तीन वाजता उठून आमच्यासाठी दोनदोनदा पाट्या उचलल्या होत्या. त्यांचा चेहरा आता एका बंद कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली आम्हीच सही करून दिली होती.

दुसऱ्या माहितीपटास आम्ही कोणत्याही वाहिनीकडे गेलो नाही. मित्रांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून थोडेथोडे पैसे घेतले. त्यांतील काहीजण हे पान वाचत असतील. हिशोबाची वही प्रत्येकाला दाखवली. पुन्हा त्याच मंडईत, त्याच पहाटे, जमतील त्याच बायांना घेऊन चित्रीकरण केले. पहिल्या वेळच्या तिघी तोवर निवर्तल्या होत्या. त्यांचे पूर्वीचे चित्रण आम्हांला वापरता येत नव्हते, म्हणून त्यांच्या जागा पडद्यावर रिकाम्याच दाखवल्या: पोते अंथरलेले, वर तराजू, मागे कुणी नाही.

एका संध्याकाळी पाट्या उठल्यावर मंडईजवळच्या बोळात चादर बांधून तो दाखवला. बाया स्वतःला पाहून मोठमोठ्याने हसल्या. रिकाम्या जागा आल्या तेव्हा कुणीतरी अंधारातून त्या तिघींची नावे घेतली, आणि मग बाकीच्यांनीही घेतली. आई पहिल्या ओळीत होती.

स्मरणिका प्रकाशित होईल त्या दिवशी रात्रीच्या भोजनानंतर विद्यालयाच्या सभागृहात हाच माहितीपट दाखवण्याची अनुमती आम्ही मागितली आहे. आई येणार आहे. यंत्र, पडदा आणि ध्वनिक्षेपक आम्ही सोबत आणू. चादर असल्यास विद्यालयाने एक जास्तीची ठेवावी, पुण्याची आता फाटली आहे.