जोर न लावता

रेकॉर्डर ही उभी बासरी पहिल्यांदा हातात आली ती मुंबईतल्या शाळेत. क्रीम रंगाचं प्लास्टिक, पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. चाळीस मुलं एकदम फुंकत आणि सूर किंचाळत वर पळत. बाई एवढंच म्हणायच्या, "जोर नको."

हे फक्त शाळकरी वाद्य नाही, हे कॉलेजात उमगलं. मैत्रिणीकडच्या कॅसेटवर डच वादक फ्रान्स ब्र्यूखेन संगीतकार टेलेमानच्या रचना वाजवत होते. लाकडाचा तो गोल, सरळ सूर ऐकला आणि बरोक संगीतानं मला कायमचं धरून ठेवलं.

रेकॉर्डरच्या तोंडाशी ठोकळा असतो, त्यामुळे वाऱ्याची वाट पक्की ठरलेली. जास्त फुंकलं की सूर चढतो, कमी फुंकलं की उतरतो. आडव्या बासरीत ओठांनी ते सावरता येतं. बाखनं 1721 साली अर्पण केलेल्या ब्रँडनबर्ग कॉन्चेर्तोंत दोन्ही वाद्यं आहेत: चौथ्यात रेकॉर्डर, पाचव्यात आडवी बासरी. पुढे लहानमोठ्या आवाजाची गोडी वाढली, तसा रेकॉर्डर मागे पडला.

मग भाव आणायचा कशानं? जिभेनं, आणि वेळेच्या जाणिवेनं. फ्रेंच बासरीवादक ओतेतेरनं 1707 च्या आपल्या पुस्तकात 'तु' आणि 'रु' ही अक्षरं दिली आहेत. कोणता सूर टोकदार सुटेल आणि कोणता मऊ, हे त्यांवर ठरतं. तबल्याचे बोल म्हणावेत तशी ती मी कणीक मळताना म्हणत असे.

नोकरीनं मला नेदरलँड्सला नेलं, तेव्हा उट्रेख्टच्या यान्सकेर्कहोफला मुद्दाम गेले. अंध वादक याकोब फान आयक इथे चर्चच्या घंटा वाजवायचा. 1649 साली त्याचा पगार 80 गिल्डरवरून 100 झाला. अट एकच, अधूनमधून संध्याकाळी आवारात फिरायला येणाऱ्यांना आपल्या छोट्या बासरीनं रिझवायचं. साथीला कोणी नाही. ओळखीची चाल घ्यायची आणि फेरीगणिक तिचे सूर अधिक बारीक विणत जायचे. त्याच्या त्या रचना मी आजही वाजवते.

रेकॉर्डरला अपुरं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी हिरिरीनं वाद घालते. आवाज चढवायची सोय नसली की प्रत्येक सुराची सुरुवात, लांबी आणि शेवट यांचा विचार करावाच लागतो. फान आयकची चाल दुसऱ्या फेरीत बदलते ती याच विचारानं, आणि मला वाद्यातून बोलायला शिकवलं तेही या विचारानंच.