पावसातला चषक

गोल्फविषयीचे माझे ज्ञान एका वाक्यात आटोपते: मोठी माणसे एका लहानशा चेंडूमागे फार लांबवर चालत जातात. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लबावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. पण कुंपणापलीकडे काय चालते, याची चौकशी करावी असे कधी वाटले नाही. असा मी, मराठीचा मास्तर, मागल्या दिवाळीच्या सुटीत दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरी एका गोल्फ क्लबापुढे पाऊण तास पावसात भिजत उभा राहिलो. सौभाग्यवतींना ते अजून पटलेले नाही.

झाले असे. माझे मेहुणे तिथे बंदरात इंजिनिअर आहेत. त्यांनी आम्हांला गाव दाखवायला एक टॅक्सीवाले गाठून दिले. वय सत्तरीपुढचे. तिथली सगळी हिंदी मंडळी वडीलधाऱ्यांना ‘अंकल’ म्हणतात, म्हणून आम्हीही अंकलच म्हणू लागलो. त्यांचे पणजोबा ऊस तोडायला बिहारातून आलेले. माझ्या हिंदीला ते इंग्रजीत उत्तर देत आणि मध्येच एखादा भोजपुरी शब्द असा टाकीत, की चार पिढ्यांचे अंतर गळून पडावे.

रिझर्व्हॉयर हिल्स भागातून उमगेनी नदीच्या कडेने जाताना एक पाटी दिसली: ‘पाप्वा सेवगोलम गोल्फ कोर्स’. आडनाव काही ओळखीचे वाटेना. “पुरे नाव सेवसंकर सेवगोलम,” अंकल म्हणाले. मी ते दोनदा पुटपुटलो. पोथीतला अपपाठ शुद्ध करण्याची सवय अशी कधीतरी कामास येते. सेवसंकर म्हणजे शिवशंकर! आणि सेवगोलम म्हणजे, माझी खात्री आहे, शिवगुलाम. 16 नोव्हेंबर 1860 रोजी ‘ट्रुरो’ जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदराला लागले. तेव्हापासून 1911 पर्यंत सुमारे दीड लाख माणसे करारावर या भूमीत उतरली. गोऱ्या कारकुनाच्या कानावर जे पडले ते त्याने वहीत मांडले, आणि तेच वंशाचे नाव होऊन बसले. ‘पाप्वा’ हे तर उघडच घरचे लाडाचे नाव. आपण बाळ्या म्हणावे, तिकडे ‘वा’ लावावा.

हा शिवशंकर कॅडी होता. कॅडी म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या. लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हते. खेळ शिकला तो पाहून, आणि शिकवणारा कुणी नसल्यामुळे काठी धरली ती उलटी. उजव्या हाताने खेळणारा क्रिकेटपटू बॅट धरतो तेव्हा डावा हात वर, उजवा खाली. गोल्फमध्येही तोच रिवाज. पाप्वाचे नेमके उलटे: उजवा वर, डावा खाली, आणि फटका मात्र उजव्या बाजूनेच. परत आल्यावर मी चिरंजीवांची बॅट घेऊन घरात हा प्रयोग करून पाहिला. तुळशीशेजारची कुंडी फुटली, एवढेच सांगतो.

त्या उलट्या हाताने 1959 साली डच ओपन जिंकली. पुढे 1960 आणि 1964 साली पुन्हा. त्याला युरोपात नेले ते डर्बनच्याच ग्रॅहम वुल्फ नावाच्या गोऱ्या रसायनतज्ज्ञाने. आपल्या घराघरांतल्या आरशांपुढे ज्याची बाटली असे, त्या ‘ऑइल ऑफ ओले’चा जनक तो हाच. परदेशात दारे उघडी होती. घरी मात्र गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरायचे तर सरकारची परवानगी हवी.

नदी समुद्राला मिळते तिथून जवळच डर्बन कंट्री क्लब आहे. अंकलनी गाडी तिकडे नेली आणि बाहेरच थांबवली. पाऊस सुरू झाला होता. ते छत्री घेऊन उतरले, म्हणून मीही उतरलो.

“इथेच,” ते म्हणाले.

1963 साली नाताळ ओपन इथे झाली. हे नाताळ म्हणजे सण नव्हे, प्रांताचे नाव. पाप्वा जिंकला. पाऊस पडत होता. बक्षीस समारंभासाठी गोरी मंडळी क्लबच्या इमारतीत. पण हिंदी माणूस त्या इमारतीत कॅडी किंवा नोकर म्हणून चाले, विजेता म्हणून चालत नव्हता! चषक त्याला बाहेर, पावसात देण्यात आला. ओल्या अंगाने चषक घेतलेल्या पाप्वाचे छायाचित्र जगभर छापून आले. अंकल तेव्हा अकरा वर्षांचे होते. वडिलांनी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून देवघराशेजारी चिकटवला होता, असे ते म्हणाले.

1965 साली त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, आणि तीही गॅरी प्लेअरला हरवून; त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या प्लेअरला! मग 1966 मध्ये सरकारने गोऱ्यांबरोबरच्या स्पर्धा त्याला बंद केल्या. पासपोर्टही गेला. उमेदीची वर्षे तशीच गेली, आणि 1978 साली तो वारला तेव्हा पन्नाशीच्या आसपासच होता. पाटी नंतरची.

“तुमच्याकडे इंडियात असले काही नव्हते ना, प्रोफेसर?”

प्रश्न अगदी साधेपणाने आला होता. माझ्या डोळ्यांपुढे आजोळचे अंगण उभे राहिले. तिथल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा असे. लाकडे फोडायला येणाऱ्या म्हातारबांचा तो कप. आजी मोठी प्रेमळ. चहात साखर कधी कमी घातली नाही तिने. पण चहा वरून ओतायचा, आणि कप त्यांनीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. सात-आठ वर्षांचा असताना मी तो कप उचलून माजघरात नेला, तेव्हा मला विहिरीवर नेऊन अंगावर बादली ओतली होती. म्हातारबा पाहत होते. मला वाटते, त्यांनी मान वळवली. ही गोष्ट मी सौभाग्यवतींनाही कधी सांगितलेली नाही. इथेच प्रथम लिहितो आहे.

“होते,” मी म्हणालो.

अंकल काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी छत्री मिटली, ती दोन्ही हातांत धरली, उजवा वर, डावा खाली, आणि पावसात उभे राहून एक फटका मारून दाखवला. मग ती छत्री माझ्या हातात दिली. “आता तुम्ही.”