डॉगेटचा कोट आणि बिल्ला

चि. सौरभ,


ब्लॅकफ्रायर्स पुलाशेजारच्या त्या पबचं नाव 'डॉगेट्स कोट अँड बॅज' असं कसं, हे विचारलंस ते बरं केलंस. हा डॉगेट आपल्यासारखाच नाटकवेडा.

टॉमस डॉगेट मूळचा डब्लिनचा, पण विनोदी नट म्हणून नाव काढलं ते लंडनमध्ये. नाटककार कॉन्ग्रीव्हच्या 'लव्ह फॉर लव्ह' नाटकातला बेन खलाशी १६९५ साली त्यानेच रंगवला. पुढे ड्रुरी लेन थिएटरात तो भागीदार झाला. तिथे बार्टन बूथ या नटाला भागीदारीत घ्यायचं ठरलं, ते याला पटेना, आणि स्वारी बाहेर पडली. नाटक कंपनी कुठलीही असो, भांडणं तीच!

तेव्हा लंडन शहरात थेम्सवर पूल एकच, लंडन ब्रिज. बाकी ये-जा नावाड्यांच्या भरवशावर. एका वादळी रात्री कुणी होडी काढेना, शेवटी एका तरण्या नावाड्याने डॉगेटला ओहोटीच्या उलट वल्हवत घरी पोचवलं, म्हणून डॉगेटने नावाड्यांची शर्यत सुरू केली, असं सांगतात. गोष्ट झकास आहे, पण मला ती तिसऱ्या अंकातली वाटते. खरी भानगड राजकारणाची. डॉगेट कट्टर व्हिग, म्हणजे हॅनोव्हर राजघराण्याच्या बाजूच्या पक्षाचा. त्या घराण्याचा पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला त्याला वर्ष झालं, म्हणून १ ऑगस्ट १७१५ रोजी त्याने ही शर्यत लावली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत, साधारण साडेसात किलोमीटर. भाग घ्यायचा तो उमेदवारी नुकतीच पुरी केलेल्या सहा नावाड्यांनी. जिंकणाऱ्याला कोट, आणि त्याच्या बाहीवर चांदीचा भलामोठा बिल्ला; पबचं नाव त्यावरूनच. बिल्ल्यावर हॅनोव्हरचा घोडा आणि 'लिबर्टी' हा शब्द.

मला मात्र खरा डॉगेट त्याच्या मृत्युपत्रात भेटतो. बिल्ल्यासाठी ५ पौंड, कापडाला १८ शिलिंग, शिलाई आणि बटणांना १ पौंड १ शिलिंग, आणि हे दरवर्षी, कायमचं! कपडेपटाचा हिशेब ठेवलेल्या माणसालाच हे सुचावं. १७२१ मध्ये तो वारला, आणि शर्यतीचं काम फिशमाँगर्स कंपनीकडे, म्हणजे मासळीविक्यांच्या संघाकडे, आलं. ते आजही तिच्याकडेच आहे. महायुद्धांत हुकलेल्या वर्षांच्या शर्यतीसुद्धा नंतर भरून काढल्या.

आधी ती पोरं धंद्यातल्या जड होड्या ओहोटीच्या विरुद्ध ओढत. दोन तासही लागत म्हणे. १८७३ पासून भरतीबरोबर जातात, आणि आता एकट्याने वल्हवायच्या हलक्या होड्या, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. १९७३ चा विक्रम २३ मिनिटं २२ सेकंदांचा. मला विचारशील तर त्या जुन्या पोरांचीच कमाल.

तारीख भरती बघून ठरते, तेव्हा आधी चौकशी कर. बघायला गेलास तर चेल्सीला, कॅडोगन धक्क्यापाशी उभा राहा. शेवट तिथे होतो. आणि फोटो पाठवताना बिल्ला जवळून काढ.

तुझी,
आत्या